मेंदूच्या दुखण्याचा पत्ता

पोट दुखलं की डॉक्टर पोट दाबून बघतात. छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकतात. यकृत वाढलं असेल तर ते बरगडीखाली बोटांना लागतं. मेंदू मात्र कवटीत बंद असतो. त्याला हात लावता येत नाही, कान लावता येत नाही. त्यामुळे मेंदू तपासायचा म्हणजे त्याचं काम तपासायचं. डॉक्टर पेशंटला चालायला लावतात, डोळे मिटून उभं करतात, दात दाखवायला सांगतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, तळपायावर किल्लीने रेघ ओढतात. सोबत आलेल्या नातेवाइकाला वाटतं, तक्रार डोक्याची, मग हे पायाशी काय करतायत?

ते पत्ता शोधत असतात. शरीरातल्या प्रत्येक हालचालीला आणि प्रत्येक संवेदनेला मेंदूत ठरलेली जागा आहे आणि तिथे जाण्यायेण्याची ठरलेली वाट आहे. कोणतं काम बिघडलंय आणि कोणतं शाबूत आहे हे बारकाईने पाहिलं, तर बिघाड त्या वाटेवर कुठे आहे हे बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून मेंदूविकारशास्त्रात पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा असतो. ‘काय झालंय?’ हा प्रश्न त्यानंतर येतो.

एक साधी तक्रार घेऊ: “पाय साथ देत नाहीत.” हीच तक्रार घेऊन आलेल्या सहा जणांचे सहा वेगळे पत्ते निघू शकतात. एकाच्या मोठ्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद झालेली असते. दुसऱ्याचा लहान मेंदू आजारी असतो. तिसऱ्याचा मज्जारज्जू मणक्यात दबलेला असतो. चौथ्याच्या पायातल्या नसा मधुमेहाने झिजलेल्या असतात. पाचव्याच्या नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. सहाव्याचा स्नायूच दुबळा झालेला असतो. घरातली वीज गेली की वायरमन आधी शेजारी दिवा आहे का ते विचारतो, मग डीपी, खांब, मीटर, बटण असा एकेक टप्पा बाद करत येतो. न्यूरोलॉजिस्टची पद्धत हीच आहे. ती समजून घ्यायची तर आधी कवटीच्या आतली रचना थोडी माहीत हवी.

कवटीच्या आत

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जो प्राणवायू वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के तो एकटा घेतो. साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्त थांबलं तर दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हुझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या बहुसंख्य लहान मेंदूत असतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळता असतो. एका वेळी तो दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतो, पण दिवसभरात सुमारे अर्धा लिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. मेंदूज्वराची शंका आली की कमरेतून सुई घालून जे ‘पाणी’ काढतात ते हेच. त्याची भीती आपल्याकडे फार आहे. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ असं सर्रास बोललं जातं. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घालतात. रचना माहीत असली की भीतीला आधार उरत नाही.

मेंदूचे ढोबळ तीन भाग. वरचा मोठा मेंदू, मागे खाली लहान मेंदू आणि या दोघांना मज्जारज्जूशी जोडणारा, अंगठ्याएवढा जाड मस्तिष्कस्तंभ. मोठ्या मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल आणि प्रत्येकाचे चार खंड. कपाळामागचा फ्रंटल खंड हालचाल, नियोजन आणि संयम सांभाळतो. माथ्याखालचा पराएटल खंड स्पर्श आणि अवकाशाचं भान ठेवतो. कानशिलाजवळचा टेम्पोरल खंड ऐकणं आणि आठवणी यांच्याशी जोडलेला आहे. अगदी मागचा ऑक्सिपिटल खंड पाहण्याचं काम करतो. डोळे पुढे असले तरी दिसतं ते डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे मार बसला तर डोळे निरोगी असूनही माणसाला दिसेनासं होऊ शकतं.

हा नकाशा माणसाला मिळाला तो बहुतांशी दुखावलेल्या मेंदूंमधून. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, रेल्वेसाठी सुरुंग लावताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार फिनियस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. गेज वाचला. तो बोलत होता, चालत होता. पण पूर्वीचा जबाबदार मुकादम उतावळा आणि शिवराळ झाल्याची नोंद त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी केली. फ्रंटल खंडाचा स्वभावाशी आणि संयमाशी संबंध आहे, हे या एका जखमेने लोकांपुढे आणलं.

त्यानंतर तेरा वर्षांनी पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे लेबोर्न नावाचा पेशंट आला. त्याला बोललेलं कळायचं, पण स्वतः बोलताना तोंडातून ‘तां’ हा एकच उच्चार निघायचा. तो दगावल्यावर ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या फ्रंटल खंडाचा खालचा भाग नासलेला होता. साल होतं १८६१. पुढे १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे पेशंट नोंदवले. ते भरभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमगत नसे. त्यांचा बिघाड डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागच्या बाजूला होता. आजही अर्धांगवायूच्या पेशंटला डॉक्टर पेन दाखवून “हे काय आहे?” विचारतात, “डोळे मिटा” असं सांगतात, एक वाक्य मागोमाग म्हणायला लावतात. बोलणं निघत नाही की समजत नाही, यातला फरक त्या तीन सूचनांमधून कळतो आणि तो थेट जागेकडे बोट दाखवतो.

वाटा कुठे ओलांडतात

उजवा हात डाव्या मेंदूच्या हुकमात असतो, हे आपण शाळेत शिकतो. हुकमाची वाट फ्रंटल खंडाच्या मागच्या कडेपासून निघते, मेंदूच्या आत खोल एका अरुंद पट्ट्यातून जाते, मस्तिष्कस्तंभातून उतरते आणि त्याच्या तळाशी बहुतेक तंतू विरुद्ध बाजूला जातात. खोलवरच्या त्या अरुंद पट्ट्यात चेहरा, हात आणि पाय यांचे तंतू दाटीवाटीने शेजारी असतात. म्हणून तिथे अगदी लहान रक्तवाहिनी बंद झाली तरी चेहरा, हात आणि पाय हे तिन्ही एकदम लुळे पडतात. मेंदूच्या पृष्ठभागावर मात्र याच कामांच्या जागा पसरलेल्या असतात. पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, हाताची आणि चेहऱ्याची बाहेरच्या बाजूला. पृष्ठभागावर बिघाड झाला तर हात आणि चेहरा जास्त जातो, पाय थोडा वाचतो. किंवा नेमकं याच्या उलट होतं. नुसत्या ताकदीच्या वाटणीवरून बिघाडाची खोली सांगता येते ती अशी.

संवेदनेच्या वाटा याहून गुंतागुंतीच्या आहेत. सांधा कोणत्या स्थितीत आहे आणि कंपन लागतंय का, ही माहिती मज्जारज्जूत त्याच बाजूने वर जाते आणि मस्तिष्कस्तंभात ओलांडते. वेदना आणि गरम-थंड यांची माहिती मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच पलीकडे जाते. त्यामुळे मज्जारज्जूचा अर्धाच भाग दुखावला तर विचित्र चित्र दिसतं. ज्या बाजूचा पाय लुळा, त्या बाजूला टाचणी टोचलेली कळते; आणि ज्या पायात ताकद आहे, त्याला चटका कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्राऊन-सेकार यांनी हे दाखवून दिलं. नाटक वाटावी अशी ही तक्रार शरीररचना माहीत असलेल्या डॉक्टरला एका झटक्यात जागा सांगते.

हातोडी, टॉर्च, नादकाटा

न्यूरोलॉजिस्टच्या पिशवीतली हत्यारं साधी असतात. रबरी हातोडी, टॉर्च, कापूस, टाचणी, १२८ हर्ट्झचा नादकाटा आणि डोळ्याचा पडदा बघायचं उपकरण. तपासणीचा क्रम वरून खाली जातो: शुद्ध, बुद्धी आणि भाषा, मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा, ताकद, प्रतिक्षेप, संवेदना, तोल आणि शेवटी चाल.

शुद्ध किती आहे हे मोजायला ग्लासगो कोमा स्केल वापरतात. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हालचालीला सहा असे जास्तीत जास्त पंधरा गुण. कसलाच प्रतिसाद नसला तरी तीन. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा आकडा आठ किंवा त्याखाली असेल तर दुखापत गंभीर समजतात आणि श्वासनलिका सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाला तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला पाठवताना ‘बेशुद्ध आहे’ एवढं लिहिण्यापेक्षा ‘गुण अकरा’ लिहिलं तर पलीकडच्या डॉक्टरला तासाभरात तो सुधारला की ढासळला हे लगेच कळतं.

अशा पेशंटच्या डोळ्यांवर दर थोड्या वेळाने टॉर्च मारतात, त्यालाही पक्कं कारण आहे. बाहुली आकसवणारी तिसरी नस मेंदूच्या तळाशी अशा जागी असते की कवटीत रक्त साचून मेंदू खाली सरकू लागला की ती आधी दबते. सकाळी दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या आणि आता एक मोठी झालीय, प्रकाशालाही दाद देत नाही, म्हणजे मस्तिष्कस्तंभावर दाब येतोय. तेव्हा ऑपरेशनला मिनिटांचा हिशेब असतो.

आता चेहऱ्याकडे या. तोंड वाकडं झालं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर अशा वेळी भुवया वर करायला सांगतात. चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून हुकूम येतो, तर कपाळाला दोन्ही बाजूंनी. त्यामुळे मोठ्या मेंदूत बिघाड असेल तर ओठ एका बाजूला ओढला जातो, पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. चेहऱ्याची सातवी नसच वाटेत सुजली असेल तर कपाळ, डोळा, ओठ असा अर्धा चेहरा पूर्ण ढिला पडतो, आठी पडत नाही, डोळा मिटत नाही. या दुसऱ्या प्रकाराला स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांचं नाव आहे आणि त्यातले बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. म्हणजे ज्या पेशंटच्या चेहऱ्याचा जास्त भाग गेलेला दिसतो, त्याचा आजार बहुधा कमी गंभीर असतो. मात्र हा निवाडा घरी करायचा नाही, कारण मस्तिष्कस्तंभातल्या बिघाडानेही पूर्ण अर्धा चेहरा जाऊ शकतो.

गुडघ्यावरची हातोडी तर सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचा उपयोग जर्मनीत १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. वाटीच्या खालच्या कंडरेवर ठोकलं की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ती खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच हुकूम परत येऊन पाय उडतो. या फेरीत मेंदूचा सहभाग लागत नाही. मेंदू फक्त वरून लगाम धरून असतो. म्हणून पाय उडालाच नाही तर ही खालची फेरी कुठेतरी तुटलेली असते: नस, तिचं मूळ किंवा मज्जारज्जूचा तेवढा तुकडा. पाय गरजेपेक्षा जोरात उडाला तर फेरी शाबूत आहे, वरचा लगाम सुटलाय. ताकद दोन्हीकडे कमी असली तरी हातोडीने दोन निराळे पत्ते दिले.

तळपायाचं तेच. टाचेपासून करंगळीकडून अंगठ्याकडे रेघ ओढली की निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारी हालचालीची वाट दुखावली असेल तर तो सावकाश वर उचलला जातो आणि बाकीची बोटं पसरतात. पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये एका छोट्या टिपणात हे सांगितलं. तान्ह्या बाळाचाही अंगठा वर जातो, कारण त्या वाटेवरचं वेष्टण अजून पूर्ण तयार झालेलं नसतं. ते मूल चालू-धावू लागेपर्यंत तयार होतं. रक्ताची तपासणी नाही, यंत्र नाही, एका किल्लीच्या टोकाने मेंदूपासून कमरेपर्यंतची वाट तपासून होते.

सहा पत्ते

आता “पाय साथ देत नाहीत” म्हणणाऱ्या सहा जणांकडे परत जाऊ.

पहिल्याचा उजवा हात आणि पाय दोन्ही कमजोर आहेत, बोलणं अडखळतंय, कपाळाला आठ्या पडतात. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगितले की उजवा हात आत वळत खाली येतो. बिघाड डाव्या मोठ्या मेंदूत.

दुसऱ्याच्या पायात जोर भरपूर आहे, पण तो पाय फाकवून झोकांड्या खात चालतो. स्वतःच्या नाकाला आणि डॉक्टरच्या बोटाला आळीपाळीने बोट लावताना बोट लक्ष्याजवळ थरथरतं, चुकतं. हा लहान मेंदूचा पेशंट. लहान मेंदू ताकद देत नाही, तो हालचालीचं माप ठेवतो. दारू चढलेल्या माणसाची चाल अशी होते, कारण दारूचा मारा लहान मेंदूवर होतो.

तिसऱ्याचे दोन्ही पाय ताठरलेत, गुडघे जोरात उडतात, अंगठे वर जातात. हात आणि चेहरा उत्तम. टाचणी पायापासून वर आणत गेलं की बेंबीपर्यंत बोथट लागते आणि तिथून वर एकदम टोचते. बेंबीच्या पातळीची त्वचा छातीच्या दहाव्या नसेच्या जोडीकडे आहे. मज्जारज्जू त्या पातळीवर किंवा तिच्या वर दबलाय. अशा पेशंटच्या हातात अनेकदा कमरेचा एमआरआय असतो आणि त्यात ‘गादी थोडी सरकलीय’ असं लिहिलेलं असतं. चाळिशी-पन्नाशीनंतर काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही ते दिसतं. पण मज्जारज्जू तर कमरेच्या वरच्या टोकाला संपतो! कमरेचा फोटो कितीही चांगला आला तरी छातीच्या मणक्यातली गाठ त्यात दिसणार कशी? हातोडीने सांगितलेल्या पत्त्यावर फोटो काढला असता तर महिने वाचले असते.

चौथ्याच्या तळपायांची रात्री आग होते, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. टाचेवरची हातोडी निकामी, घोट्याच्या हाडावर ठेवलेला नादकाटा थरथरतोय हेही त्याला समजत नाही. बिघाड पायमोज्याच्या आकारात, दोन्हीकडे सारखा. ही लांबवरच्या नसांची झीज आणि आपल्याकडे तिचं सगळ्यात मोठं कारण मधुमेह. या चौथ्याचा एक जवळचा भाऊ आहे. ‘ब बारा’ जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. शुद्ध शाकाहारी आणि दूधही बेताचं घेणाऱ्या माणसाला ते कमी पडलं की नसांबरोबर मज्जारज्जूचा मागचा भागही झिजतो आणि पाय कुठे पडतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. असा माणूस उजेडात ठीक चालतो. पण सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनवर आपटतो. मोरित्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलेली ‘पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहा’ ही चाचणी हेच पकडते. इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर हा आजार सुधारतो. उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं.

पाचव्याचे पाय सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड असतात, पापण्या दिवस मावळता खाली येतात. टक लावून वर बघायला सांगितलं की पापणी हळूहळू मिटत जाते. नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा हा आजार, मायस्थेनिया. सहावा मांडीच्या स्नायूंत दुबळा आहे. पाटावरून उठताना त्याला स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर यावं लागतं. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी हे उठणं नोंदवलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. त्याची संवेदना पूर्ण शाबूत.

सहा जण, एकच वाक्य, सहा पत्ते. आणि एवढं कळायला लागलेला वेळ वीस-पंचवीस मिनिटं.

मुंबईतली एक नजर

नुसत्या निरीक्षणाने काय साधतं याचं एक अभिमानास्पद उदाहरण मुंबईचं आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी लंडनहून शिक्षण घेऊन आल्यावर जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा केला. तोल जाणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या हा आजार असलेल्या काही कुटुंबांतले पेशंट तपासताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. निरोगी माणूस एका वस्तूवरून दुसरीकडे बघतो तेव्हा डोळे झेप घेतात, ती झेप इतकी जलद असते की दिसतही नाही. या पेशंटचे डोळे मात्र सरपटत जात. नऊ कुटुंबांचा अभ्यास करून वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात हा वेगळा आजार मांडला. एमआरआय तेव्हा उपलब्ध नव्हता, जनुकांच्या चाचण्या तर दूरच. डोळ्यांची आडवी झेप मस्तिष्कस्तंभातून निघते, त्यामुळे लहान मेंदूबरोबर तिथेही झीज आहे हे त्यांना डोळे पाहून समजलं. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, या आजाराशी जुळणारा जनुकदोष बाराव्या गुणसूत्रावर सापडला. जगभरच्या डॉक्टरांना तोल गेलेल्या पेशंटचे डोळे किती वेगाने हलतात हे बघायची सवय लागण्यात मुंबईच्या त्या ओपीडीचा वाटा मोठा आहे.

याच साध्या तपासणीवर आपण सगळ्यात गंभीर निर्णयही सोपवला आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि सुरुवातीला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. त्याप्रमाणे मस्तिष्कस्तंभ मृत झाला तर माणूस मृत मानला जातो. ते ठरवतात चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. बाहुली प्रकाशाला दाद देते का, बुबुळाला कापूस लागल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे वळतात का, घशात नळी हलवली तर ठसका येतो का, आणि श्वासाचं यंत्र थोडा वेळ बाजूला करून रक्तात कर्बवायू वाढू दिला तरी श्वास येतो का. झोपेची औषधं, गारठा असं काही कारण नाही हे आधी पक्कं करावं लागतं. टॉर्च, कापूस आणि थंड पाणी. घरच्यांना ही परीक्षा नीट समजावून सांगितली पाहिजे, कारण व्हेंटिलेटरवर छाती हलताना आणि हृदय धडधडताना ‘गेला’ हे शब्द ऐकणं कोणत्याही आईला शक्य नसतं. काय तपासलं आणि का तपासलं हे कळलं तर निदान संशय तरी उरत नाही.

घरच्यांच्या हातातलं

सीटी आणि एमआरआयने न्यूरोलॉजी बदलली, याबद्दल वाद नाही. रक्तस्राव की गुठळी हे हातोडी सांगू शकत नाही, सीटी काही मिनिटांत सांगतो. पण फोटो कुठला काढायचा आणि त्यात दिसलेल्या चार गोष्टींपैकी खरी दोषी कोणती हे तपासणीच ठरवते. म्हणून पेशंटने आणि नातेवाइकांनी ‘आधी एमआरआय लिहून द्या’ असा हट्ट धरू नये, आणि डॉक्टरांनीही गर्दीचं कारण सांगून हातोडी ड्रॉवरमध्ये ठेवू नये.

मेंदूच्या तपासणीचा एक तुकडा मात्र सगळ्यांना यायला हवा. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात वर धरता येईना, बोलणं जड झालं, दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर तो पक्षाघात समजून चालावं. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून तेल चोळतात, सकाळपर्यंत वाट बघतात. एका मान्यताप्राप्त अंदाजानुसार मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक पेशंटमध्ये तारेने गुठळी काढण्याची मुदत चोवीस तासांपर्यंत जाते. पाणी किंवा अन्न तोंडात घालू नका, गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर ते घातक ठरतं. रक्तातली साखर बघता आली तर बघा, कारण साखर उतरली तरी असंच चित्र दिसतं. १०८ ला फोन करा आणि ज्या दवाखान्यात चोवीस तास सीटी चालू असतो तिथेच न्या, मग तो थोडा लांब असला तरी.

आणि निघण्यापूर्वी एक वेळ लिहून घ्या: हा माणूस शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता. झोपेतून उठताना त्रास लक्षात आला असेल तर घड्याळ पहाटेपासून सुरू होत नाही, रात्री तो शेवटचं नीट बोलला तिथून सुरू होतं. इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या वेळेवर ठरतं. दारात गेल्यावर डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात, आणि त्याचं उत्तर कोणत्याही यंत्राकडे नसतं, फक्त घरच्यांकडे असतं.